सरांचा डावा पाय

सिग्नल लाल झाला आणि सरांच्या डाव्या पायाने जन्माच्या सवयीप्रमाणे क्लच दाबला. क्लच तिथे नव्हता. गाडी ऑटोमॅटिक होती, त्यामुळे तिथे होता चांगला ऐसपैस ब्रेक, आणि त्यावर सरांचा पाय असा पडला की गाडी जागच्या जागी खिळली. शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवरचा अंड्यांचा ट्रे डॅशबोर्डवर जाऊन आदळला आणि मागून कुणीतरी येऊन धडकलं.

मागच्या गाडीतून एक तरुण तणतणत उतरला. खिडकीशी येऊन त्याने भांडायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"सर, तुम्ही?"

"मीच," सर म्हणाले.

"नाही, म्हणजे तुम्हीच शिकवलं होतं ना आम्हाला, मागच्याचा विचार करून ब्रेक मारावा म्हणून."

"आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं, हे कुणी शिकवलं होतं?"

"ते पण तुम्हीच," तरुण नम्रपणे म्हणाला आणि आपला बंपर बघायला गेला.

बाई चष्म्याच्या काचेवरचा बलक रुमालाने पुसत राहिल्या. सारी नोकरी वाचनालयात गेल्यामुळे आवाज न करता नाराज होण्याची कला त्यांना चांगली साधली होती. लोक त्यांना तेव्हापासून बाई म्हणायचे, आणि त्यांच्या नवऱ्याला सर, कारण त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. गावातली निम्मी माणसं सरांकडून गाडी शिकलेली आणि सरांचा ओरडा खाल्लेली. शेजारच्या सीटवर, आपल्या वेगळ्या क्लच-ब्रेकवर पाय ठेवून बसलेले सर "क्लच! क्लच!" म्हणून ओरडले की मैदानापलीकडची माणसंही दचकून पाय दाबत. आता स्कूल बंद करून सर घरी बसले होते. घरात गाडी एकच, आणि ती बाईंची.

गाडी मुळात बाईंच्या भावाची, दादांची. जुनी, हिरवी, जमिनीलगत बसणारी स्पोर्ट्‌स कार. सीटं दोनच. दादांचा विसराळूपणा वाढत गेला आणि ते टेकडीपलीकडच्या वृद्धनिवासात राहायला गेले, तेव्हा किल्ली त्यांनी बहिणीच्या हातात ठेवली. तेव्हापासून दर रविवारी बाई तिकडे जायच्या आणि दादांना त्यांच्याच गाडीतून एक चक्कर मारून आणायच्या. खोलीत बसलेले दादा बहिणीला ओळखत नसत. "आपण कोण?" असं फार अदबीने विचारत. पण गाडीत बसले, दार लावलं आणि गाडी हलली की थोड्या वेळाने म्हणायचे, "ठकू, आरसा नीट कर." ठकू हे बाईंचं माहेरचं नाव. ते घेणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

हे सगळं सरांना ठाऊक होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याला माफी नाही, असं बाईंच्या जागी दुसरं कुणीही म्हणालं असतं.

अंड्यांच्या प्रकरणाने सरांच्या जिव्हारी घाव बसला होता. मागून धडकलेल्या विद्यार्थ्याने ती हकीकत गावभर केली. किराणावाला सामान बांधताना "सर, अंडी घरपोच पाठवू का?" असं विचारू लागला. सरांचं आधीपासून मत होतं की ऑटोमॅटिक गाडी चालवत नाहीत, तिच्यात नुसते बसतात. माणसाला दोन पाय दिलेत आणि एक पाय बिनकामाचा ठेवायचा, ही कसली गाडी? आता त्या मताला धार आली.

अशात बाई आठवडाभर लेकीकडे जायला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "गाडीखाली तेल गळतंय. तेवढं गॅरेजमध्ये दाखवून ठेवा. शनिवारी येते मी, रविवारी दादाकडे जायचंय."

"तू निश्चिंत जा. गाडी अशी करून ठेवतो की बघत राहशील."

गॅरेज न्यूट्रलचं होतं. हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. शिकत असताना सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून तो गप्पांत असा रंगायचा की सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल व्हायचा. सरांनी ठेवलेलं नाव त्याने पुढे गॅरेजच्या पाटीवरसुद्धा रंगवून घेतलं. स्कूलच्या सगळ्या गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या. सरांचा शब्द त्याला प्रमाण. तो थोडा कमी प्रमाण असता तर बरं झालं असतं.

न्यूट्रल गाडीखाली सरकला आणि तिथूनच बोलला. "सर, तेल गिअरबॉक्समधून गळतंय. खोलावा लागेल."

सर थोडा वेळ गाडीभोवती फिरले. "खोलायचाच आहे, तर मग परत तोच कशाला बसवायचा?"

"म्हणजे?"

"गिअरचा बसवू. क्लचवाला. मिळेल का कुठे?"

न्यूट्रल गाडीखालून बाहेर आला. त्याचा चेहरा उजळला होता. "सर, ह्याच मॉडेलची एक मोडीत निघालेली गाडी आहे माझ्या मित्राकडे. मॅन्युअल. गिअरबॉक्स, पेडल, दांडा, सगळं जसंच्या तसं. पण बाईंना विचारलं का?"

"त्यांना चकित करायचंय."

"होतील," न्यूट्रल म्हणाला.

दोन दिवसांत गाडीचं पोट रिकामं झालं. सर खुर्ची टाकून समोर बसले होते आणि सूचना करत होते. न्यूट्रलने ब्रेकच्या वरचा गालिचा सोलला आणि टॉर्च मारून हाक मारली. "सर, गंमत बघा. इथे क्लच टांगायची जागा आहे. दोन भोकं बुजवून वर रंग मारलाय. ही गाडी आधी गिअरचीच होती. कुणीतरी मागाहून ऑटोमॅटिक केलीय."

सर वाकून बघताना हरखून गेले. "काय सांगतोस. म्हणजे आपण काही नवीन करतच नाही. बिघडवलेलं दुरुस्त करतोय." कुठल्या महाभागाने असलं काम केलं असेल, यावर त्यांनी चहा होईपर्यंत व्याख्यान दिलं. न्यूट्रल ते ऐकता ऐकता जुना गिअरबॉक्स जॅकवरून उतरवत होता. गप्पांत रंगायची त्याची खोड मोडली नव्हती. जॅक कलला, गिअरबॉक्स निसटला आणि फरशीवर पडून त्याचं कवच आडवं तडकलं.

"असू दे," सर म्हणाले. "कुणाला हवाय तो."

नवा गिअरबॉक्स बसला. गाडी चालू होईना. ऑटोमॅटिक गाडी दांडा पार्किंगला असल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि तो दांडा आता कोपऱ्यात भंगारात पडला होता. न्यूट्रलने दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, पण ती पहिल्या गिअरमध्ये होती, त्यामुळे सुरू होता होता उडी मारून तिने सरांची रिकामी खुर्ची कपाटापर्यंत ढकलत नेली. सर चहाचा कप विसळायला उठले होते म्हणून वाचले. वायरींची आणखी थोडी अदलाबदल झाल्यावर गाडी ताळ्यावर आली, फक्त मागचा पांढरा दिवा कायमचा लागून राहिला, म्हणजे गाडी मागे घेताना लागतो तो. न्यूट्रल म्हणाला, त्याचं बटण जुन्या दांड्यात होतं, पुढच्या आठवड्यात बघू.

सर चक्कर मारायला निघाले. पहिला, दुसरा, तिसरा. डावा पाय सुखावला, चेहऱ्यावरची दहा वर्षं कमी झाली. मागून येणाऱ्या गाड्या तो पांढरा दिवा बघून आदराने दूर राहत होत्या. मैदानाला वळसा घालून येताना सरांनी मनाशी रविवारचा बेत आखला. बाईंना शेजारी बसवायचं, टेकडी चढताना गिअर कसा टाकतात ते दाखवायचं, तिथे पोचलं की दादांना बसवायचं आणि–

इथे सरांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

सीटं दोन होती. दादा बसले की आणखी एकाच माणसाला जागा, आणि ते माणूस गिअरची गाडी चालवू शकणारं हवं. बाईंना गिअरची गाडी येत नव्हती. लग्न नवीन असताना सरांनीच त्यांना शिकवायला घेतलं होतं. तीन दिवस गाडी पावलोपावली बंद पडली, तीन दिवस सर ओरडले, आणि चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, मला नाही जमायचं, राहू द्या. सरांना तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. पुढे बाई दादांच्या गाडीवर कधी आणि कशा शिकल्या हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. ऑटोमॅटिक शिकणं हे त्यांच्या लेखी शिकणंच नव्हतं.

ते तसेच गॅरेजवर परतले. "जुना परत बसवता येईल का?"

न्यूट्रलने तडकलेल्या कवचाकडे पाहिलं. "सर, त्यात आता फार तर झाड लावता येईल."

"दुसरा?"

"ह्या गाडीचा ऑटोमॅटिक? शोधत बसलो तर माझी पोरं शोधतील." मग सरांचा पडलेला चेहरा बघून तो म्हणाला, "पण तुमच्यासाठी एक खास काम करून ठेवलंय सर. सांगायचं राहिलंच. शेजारच्या सीटपुढे बघा."

सरांनी बघितलं. तिथे एक क्लच आणि एक ब्रेक टांगलेले होते. स्कूलच्या शेवटच्या गाडीतले, सरांच्या बुटांनी झिजून गुळगुळीत झालेले.

"जपून ठेवले होते," न्यूट्रल म्हणाला. "तुमच्या सगळ्या गाड्यांना मीच बसवायचो ना. ह्या गाडीला ते नाहीत हे बघवेना."

शनिवारी संध्याकाळी बाई आल्या. सरांनी चहा स्वतः केला, त्यावरूनच त्यांना शंका आली.

"गळती थांबली का?"

"थांबली. म्हणजे गळणारी वस्तूच राहिली नाही." आणि मग सरांनी सगळं सांगितलं. सांगताना बुजवलेल्या भोकांपाशी आल्यावर त्यांना जरा धीर आला. "अगं, गाडी मुळात गिअरचीच होती. कुण्या शहाण्याने ती ऑटोमॅटिक करून–"

"दादाने," बाई म्हणाल्या.

सर थांबले.

"मला तुमच्याकडे जमलं नाही, ते त्याला कळलं. म्हणाला, तुला गाडी जमत नाही ना, मग गाडीला तू जमेपर्यंत बदलू तिला. किती जपायचा तो ते गिअर. त्याचे मित्र त्याला वेड्यात काढायला लागले. पण त्याने काढून टाकले आणि मला म्हणाला, चल ठकू, आता बस." बाईंनी कप बशीत ठेवला, त्याचासुद्धा आवाज झाला नाही. "उद्या मी बसने जाते."

"आणि चक्कर?"

"खोलीत बसेन त्याच्यासमोर. विचारेल आपण कोण, तर सांगेन."

त्या उठून आत गेल्या. सर तिथेच बसून राहिले. आयुष्यात हजारो लोकांना ओरडून बोलणाऱ्या त्या माणसाला, आपल्यावर कुणी ओरडलं असतं तर किती बरं झालं असतं, असं पहिल्यांदाच वाटलं. आपण बायकोची गाडी नाही, तिचं नावच काढून घेतलंय, हे त्यांना लख्ख कळलं होतं.

सकाळी ते उठले तेव्हा बाई तयार होऊन किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या.

"चला. खोलीत बसून तो काही मला ठकू म्हणायचा नाही. तुम्ही बसा शेजारी. मी चालवते."

"टेकडी आहे मध्ये."

"माहीत आहे. दर रविवारी जाते मी."

गाडीत बसताना बाईंचं लक्ष सरांच्या पायांकडे गेलं. "हे काय?"

"न्यूट्रलने बसवले. मी सांगितलं नव्हतं."

बाईंनी किल्ली सरांच्या मांडीवर ठेवली. "मग राहू द्या. मला एकदा हे करून झालंय. मी काही करायच्या आत तुमचा पाय करतो."

"पाय लावणार नाही. शप्पथ."

"तुम्ही नाही लावणार हो. पण तुमचे पाय तुमचं ऐकत नाहीत. अंड्यांना विचारा."

सरांनी वाकून बूट काढले, एक पाय उचलला, हाताने ओढून सीटवर घेतला, मग दुसरा. त्या एवढ्याशा सीटवर, डोकं छताला टेकलेलं आणि गुडघा गिअरच्या दांड्याला लागतोय अशा अवस्थेत, सर मांडी घालून बसले.

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी किल्ली परत घेतली. "आणि आवाज हळू," त्या म्हणाल्या.

गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद पडली. सरांनी श्वास घेतला, तो बाहेर सोडताना त्यांना बाईंचं ओठांवर ठेवलेलं बोट दिसलं. वाचनालयातल्या व्रात्य पोरांसाठी राखलेलं ते बोट.

"क्लच अजून थोडा हळू सोड," सर कुजबुजले. आपला आवाज इतका खाली जातो हे त्यांनाही नवीन होतं.

सिग्नलला पुन्हा बंद पडली. कुणी हॉर्न वाजवला नाही, कारण पांढरा दिवा बघून मागची सगळी रांग, ही बाई आता मागे येणार, या समजुतीने लांब उभी होती. बाईंनी निवांतपणे गाडी सुरू केली. सरांचे तळवे मांडीखाली शिवशिवत होते. प्रत्येक वळणाला अंगठे आपोआप वळत होते, पण दाबायला काही नव्हतं. आणि दाबायला काही नसल्यामुळे त्यांना प्रथमच बायकोचा पाय दिसला. तो सावकाश उठत होता, जिथे गाडी थरथरते तिथे थांबत होता, वाट बघत होता. इतक्या विद्यार्थ्यांमध्ये इतका समंजस पाय सरांनी पाहिला नव्हता. तिकडे इतकी वर्षं बघायला सवडच झाली नव्हती, आपला पाय मध्ये होता.

"दुसरा टाकू?" टेकडीच्या पायथ्याशी बाईंनी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्या गाडीत, किंवा कुठल्याच गाडीत, सरांनी विचारला नव्हता. बाईंनी दुसरा टाकला. थोडा कुरकुरला, पण पडला. गाडी चढू लागली.

वृद्धनिवासाच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा सरांना उतरता येईना. मांडी सुटत नव्हती, पायांना मुंग्या आल्या होत्या. बाई आणि तिथली परिचारिका यांनी मिळून त्यांना कपाट काढावं तसं तिरकं करून बाहेर काढलं आणि बाकावर ठेवलं. बूट आणून शेजारी ठेवले.

दादा आले. कोट घालून, केस विंचरून. बहिणीला नमस्कार करून म्हणाले, "आपण आलात, फार बरं वाटलं. आपण कोण?"

"चला, चक्कर मारून येऊ," बाई म्हणाल्या.

दादा गाडीपाशी गेले. आत डोकावले आणि थबकले. मधला लांब दांडा त्यांना दिसला असावा. सर बाकावर बसून बघत होते. गाडी बदलली, हे दादांना कळलं तर? गाडीच त्यांनी ओळखली नाही तर? दादा बराच वेळ वाकून उभे राहिले. मग आत बसले, दार ओढून घेतलं, आणि हिरवी गाडी एक छोटा झटका देऊन फाटकाबाहेर गेली.

सर कान देऊन ऐकत राहिले. पहिला. दुसरा, कुरकुरत. मग लांबून तिसरा, अगदी सहज, आणि मग काहीच ऐकू येईना. नेहमीच्या चक्करीचा वेळ उलटून गेला. परिचारिका दोनदा पाणी विचारून गेली. सरांनी बूट चढवले, काढले, पुन्हा चढवले.

शेवटी गाडी आली. अंगणाच्या कोपऱ्यात नीट उभी राहिली. बाई आतच बसून होत्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि डोळे पुसत होत्या की हसत होत्या हे काचेतून कळत नव्हतं. दादा उतरले, सावकाश चालत बाकापाशी आले आणि सरांच्या शेजारी बसले. चेहरा वाऱ्याने लाल झाला होता. मेहुण्याला त्यांनी ओळखलं नाही, पण शेजारी बसलेल्या परक्या माणसाशी दोन शब्द बोलायची त्यांची रीत होती.

"ती आमची ठकू," गाडीकडे बोट करून ते म्हणाले. "बहीण माझी. किती छान गिअर टाकते बघितलंत?"

"बघितलं," सर म्हणाले.

"तुम्हाला येते का गाडी?"

सरांनी तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि मिटलं. "थोडीफार," ते म्हणाले.

दादांनी समजूतदारपणे त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग नीट शिकून घ्या तिच्याकडून. लाजायचं नाही. शिकवायला फार चांगली आहे. मुख्य म्हणजे, ओरडत नाही."

सरांनी विचारलं, "मला घेतील का त्या?"

दादांनी बहिणीकडे पाहून विचार केला.

"घेईल," ते म्हणाले. "मी सांगतो तिला."